दिवाळीत लागवड, उन्हाळ्यात विसावा: सॅन होजेच्या दारातली भूमध्यसागरी बाग

आपल्याकडे झाड लावायचं म्हटलं की मनात मृग येतो. पहिला पाऊस, ओली माती, आणि मग रोप. कॅलिफोर्नियात आल्यावर हीच सवय सगळ्यात आधी मोडावी लागते. इथे मृगात आभाळ कोरडं ठणठणीत असतं आणि पुढचे चार-साडेचार महिने तसंच राहतं. सॅन होजेला वर्षाला जेमतेम 14-15 इंच, म्हणजे सुमारे 370 मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा आपल्या सोलापूरपेक्षाही कमी आहे, आणि त्यातला जवळजवळ सगळा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, थंडीत पडतो.

हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळ्यात कोरड, याला भूमध्यसागरी हवामान म्हणतात. भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतला केपटाउनचा परिसर आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण भाग, एवढ्याच पाच ठिकाणी ते आढळतं. तिथली झाडं पावसाळ्यात मुळं धरतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळ्यात निपचित पडून राहतात. लॅव्हेंडर, रोझमेरी, ऑलिव्ह ही सगळी त्यातलीच. त्यांना पाण्याची टंचाई सहज सोसते. त्यांचा जीव जातो तो उन्हाळ्यात गरम मातीत साचलेल्या पाण्याने.

हे मला पहिल्याच वर्षी कळलं. जूनमध्ये सहा लॅव्हेंडर आणले आणि माहेरी तुळशीला घालतात तसं रोज संध्याकाळी तांब्याने पाणी घातलं. ऑगस्टमध्ये पानं खालून राखाडी पडायला लागली. तहानले असतील म्हणून पाणी वाढवलं. शेवटी एक रोप ओढलं तर हातात अलगद आलं. मुळावरची साल भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी बोटांत सुटून आली आणि आंबूस वास आला. ती मुळकूज होती. सहाच्या सहा गेले. पुढचं सगळं मी त्या सहा झाडांकडून शिकले आहे. म्हणून या लेखात पाणी कधी घालायचं यापेक्षा कधी घालायचं नाही, हेच जास्त येईल.

जून: मोजमाप आणि आधी अर्ज

उदाहरणाला माझंच अंगण घेते. 24 बाय 25, म्हणजे 600 चौरस फुटांचं. उन्हाळ्यात हिरवळीला आठवड्याला साधारण इंचभर पाणी लागतं. 600 चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे सुमारे 375 गॅलन, 1400 लिटरच्या वर, दर आठवड्याला. माझं माहेर सांगोल्याचं. टँकरची वाट बघत मोठं झालेल्या माणसाला हा आकडा सुखाने झोपू देत नाही.

लॉन काढणाऱ्यांना इथल्या पाणीपुरवठा संस्था चौरस फुटामागे पैसे देतात. सांता क्लारा काउंटीत व्हॅली वॉटर देते, पलीकडे ओकलंडच्या बाजूला ईबीमड. दर आणि अटी बदलत असतात, त्यामुळे त्या आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघाव्यात. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका: मंजुरी हातात येण्याआधी गवताला कुदळ लावली तर पैसे मिळत नाहीत. आधी फोटो, अर्ज, मंजुरी, आणि मग काम.

सोसायटीची, म्हणजे इथल्या एचओएची भीती अनेकांना असते. कमी पाण्याच्या झाडांना सरसकट मनाई करणारे नियम राज्याच्या कायद्यानुसार चालत नाहीत. मात्र आराखडा मंजूर करून घ्यायला ते सांगू शकतात, तेव्हा तो आधीच दाखवून टाका.

याच महिन्यात कागदावर अंगण काढा. सकाळी दहा, दुपारी एक आणि चारला सावली कुठे पडते ते त्यावर रंगवा. छपराच्या पन्हाळीचं पाणी कुठे उतरतं, गॅसची आणि पाण्याची लाइन कुठून जाते, तेही लिहा. खणण्याआधी दोन-तीन कामाचे दिवस हातात ठेवून 811 वर फोन करा. जमिनीखालच्या लाइनींवर रंगाने खुणा करून जातात, पैसे घेत नाहीत.

मातीची परीक्षा

बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या या भागातली, बरीचशी माती आपल्या काळ्या मातीची बहीण आहे. ओली झाली की चिखल, वाळली की हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. ही माती कसदार असते, पण पाणी धरून ठेवते, आणि आपल्याला नको आहे ते नेमकं हेच.

फूटभर खोल खड्डा घ्या, तोंडापर्यंत पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा, आत पट्टी उभी करा आणि तासातासाने बघा. तासाला इंचभर पाणी उतरत असेल तर निचरा चांगला आहे. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरत असेल तर सपाट जमिनीत लॅव्हेंडर लावू नका. माझ्याकडे तासाला पाव इंच उतरलं होतं.

अशा मातीत वाळू मिसळा असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. चिकण मातीत थोडी वाळू घातली की वीट तयार होते. भरपूर खतही नको. ही डोंगरकपारीतली झाडं आहेत. खत मिळालं की भसाभस वाढतात, फांद्या लुळ्या पडतात आणि मधून फाटतात. उपाय एकच, झाड उंचावर बसवायचं. त्याकडे पुढे येते.

जुलै-ऑगस्ट: हिरवळ काढणे

आधी गवत ओळखा. हिवाळ्यात हिरवं राहणारं, झुपक्यांनी वाढणारं फेस्क्यू असेल तर काम सोपं आहे. उन्हाळ्यात फोफावणारं आणि थंडीत पिवळं पडणारं, कांड्याकांड्याला मुळं फोडणारं असेल, तर ती आपली हरळी आहे. इथे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. हरळीचं बोटभर कांडं राहिलं तरी ती पुन्हा अंगण व्यापते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको.

हरळी मारायची वेळ भर उन्हाळा. अगदी तळाशी कापा, भरपूर पाणी द्या आणि पारदर्शक प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरून चारही कडा मातीत गाडा. काळा कागद नको, पारदर्शकच हवा, कारण ऊन आत जाऊन माती तापली पाहिजे. सहा ते आठ आठवडे तसाच राहू द्या. सॅन होजे, फ्रीमाँट, सॅक्रामेंटोकडे हे जमतं. सॅन फ्रान्सिस्को आणि डेली सिटीच्या धुक्यात माती तेवढी तापतच नाही. कागद काढल्यावर ओलावून वाफसा येऊ द्या आणि राहिलेल्या मुळ्या हाताने वेचा. पुढची दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी फेरी मारून दिसेल ते कांडं मुळासकट काढायचंच आहे, अशी मनाची तयारी ठेवा. एक कांडं मात्र कुंडीत लावून ठेवा, भाद्रपदात लागेल.

फेस्क्यू असेल तर पुठ्ठ्याची पद्धत उत्तम. चिकटपट्ट्या आणि पिना काढलेले साधे तपकिरी खोक्यांचे पुठ्ठे, कडा एकमेकांवर सहा-आठ इंच चढवून अंथरा, चिंब भिजवा आणि वर तीन-चार इंच लाकडी भुशाचं, म्हणजे लाकडाच्या जाडसर तुकड्यांचं (इथले वुड चिप्स), आच्छादन घाला. त्याआधी फुटपाथ आणि ड्राइव्हवेच्या कडेने फूटभर रुंद, तीन-चार इंच खोल पट्टा खणून घ्या. नाहीतर पहिल्या वाऱ्यापावसात भुसा रस्त्यावर येतो. पुठ्ठा फक्त भुशाखाली चालतो. जिथे खडी येणार तिथलं गवत उचलूनच काढा. आणि बाजारात मिळणारं तण रोखायचं काळं कापड कुठेच घालू नका. दोन वर्षांत त्यावर धूळ साचून तण वरच उगवतं, मुळं कापडात गुंततात, आणि ते उपसताना झाड हाती येतं.

गवताचं पाणी बंद करताना एक धोका असतो, आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. अंगणातलं किंवा रस्त्याकडेचं जुनं झाड इतकी वर्षं त्याच लॉनच्या पाण्यावर जगत आलेलं असतं. लॉन गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात ते वरून वाळायला लागतं. त्या झाडाला त्याच दिवसापासून वेगळं, खोल पाणी सुरू करा. अपवाद इथल्या मूळच्या ओक वृक्षाचा. त्याच्या बुंध्याजवळ उन्हाळी पाणी अजिबात नको, आणि तिथे काही लावूही नका.

सप्टेंबर: गादीवाफे, चर, पाऊलवाट

आपण हळद-आलं गादीवाफ्यावर लावतो, कारण गड्डा पाण्यात बसला की सडतो. इथेही तेच करायचं. अंगणात दोन-तीन वळणदार उंचवटे करा, फूट ते दीड फूट उंचीचे. निदान चार-पाच फूट रुंद ठेवा, नाहीतर थडग्यासारखे दिसतात. चर खणताना निघालेली माती, बाहेरून आणलेली मुरमाड माती आणि थोडी बारीक खडी असं मिश्रण चालतं. फेस्क्यूचे उलटे घातलेले गवताचे तुकडे पोटात भरले तरी हरकत नाही. हरळीचे मात्र कधीही नाही.

उंचवट्याच्या बाजूने उथळ चर काढा आणि पन्हाळीचं पाणी त्यात सोडा. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे गावोगावच्या भिंतींवर वाचलंय आपण, ते इथे दारात करायचं. फक्त चर घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब ठेवा, आणि भरून वाहिला तर पाणी रस्त्याकडे जाईल, शेजाऱ्याकडे नाही, असा उतार द्या.

चिकण मातीचं सगळं काम वाफशावर करायचं. कोरडी असेल तर टिकाव उसळतो, ओली असेल तर ढेकळं दगड होतात. मूठभर माती दाबून सोडल्यावर गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, की फावडं हातात घ्या.

पाऊलवाट तीन-चार फुटांची ठेवा. इथे मिळणारा डीजी म्हणजे आपला मुरूमच, पिवळसर सोनेरी. तीन-चार इंच पसरून, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. उंचवट्यांवर झाडांभोवती दोन-तीन इंच बारीक खडी, बोटाच्या पेरापेक्षा लहान. भुसा ओल धरतो, खडी खोडाजवळ कोरडं ठेवते, म्हणून लॅव्हेंडरला खडीच हवी. हिशोब सोपा आहे: एक घन यार्ड खडी तीन इंच जाडीने सुमारे 108 चौरस फूट पुरते. माझ्या 600 मधल्या 270 चौरस फुटांना अडीच यार्ड लागली. घराच्या भिंतीलगतच्या पहिल्या पाच फुटांत लाकडी भुसा आणि रोझमेरीसारखं तेलकट झुडूप नको. वणव्यांच्या या राज्यात ही काळजी घ्यायलाच हवी.

झाडांची निवड

खरेदीआधी एक चक्कर मारा, आणि ती ऑगस्टमध्येच. बर्कलीच्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात भूमध्यसागरी भागाची झाडं एकत्र लावलेली आहेत. वॉलनट क्रीकला रूथ बॅन्क्रॉफ्ट उद्यान आहे. एप्रिलमध्ये सगळंच देखणं दिसतं. ऑगस्टच्या उन्हात जे रूप तुम्हाला आवडेल, करडं, चंदेरी, थोडं सुकलेलं, तेच लावा. ज्याला बारमाही गर्द हिरवं हवं त्याने ही बाग करू नये, त्याला ती आजारी वाटेल.

आधी एक झाड ठरवा. ऑलिव्ह हवं असेल तर स्वान हिल ही बिनफळाची जात घ्या. नाहीतर काळी फळं पायाखाली चिरडून फरशी डागाळते. ऑलिव्ह इथे स्पॅनिश मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात आणलं आणि ते या मातीत पुरतं मुरलं आहे. मी मात्र डाळिंब लावलं. आमच्या सांगोल्याची ओळखच डाळिंब, आणि स्पेनमध्येही ते अंगणातलं झाड आहे. भगव्याऐवजी इथे वंडरफुल ही जात चालते. मे महिन्यात केशरी फुलं येतात आणि फळ नवरात्र-दिवाळीच्या सुमारास तयार होतं. थंडीत पानं गळतात, ती गळू द्या. फळ हवं असेल तर डाळिंबाला बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त आणि नियमित पाणी लागतं. खूप कोरड पडून एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं.

मोठ्या झुडपांत सिस्टस सगळ्यात गुणी. सुरकुतलेल्या कागदासारख्या गुलाबी-पांढऱ्या पाकळ्या, चार-पाच फूट पसारा, आणि तिसऱ्या वर्षानंतर जवळजवळ शून्य पाणी. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या सॅल्व्हिया क्लीव्हलँडीचा वास पहिल्या पावसात फाटकाबाहेर येतो. सिअनोथस निळ्याशार फुलांचा असतो, पण जम बसल्यावर उन्हाळी पाणी दिलं तर अचानक मरतो, म्हणून तो ठिबकाच्या टोकाला लावा. त्याखाली लॅव्हेंडर, सँटोलिना, पसरणारी रोझमेरी. कडेला ओवा-पुदिन्याच्या वासाची आठवण करून देणारे थाइम आणि ओरेगॅनो. मधल्या मोकळ्या जागेत कॅलिफोर्निया पॉपीचं बी ऑक्टोबरात नुसतं भिरकावून द्या.

माझ्या अंगणात एक डाळिंब, तीन सिस्टस, दोन सॅल्व्हिया, एक सिअनोथस, नऊ लॅव्हेंडर, पाच सँटोलिना आणि सात थाइम बसले. पहिल्या वर्षी फार विरळ दिसतं आणि मध्ये भरायचा मोह होतो. भरू नका. रोपाच्या चिठ्ठीवरची पूर्ण वाढीची रुंदी हेच दोन रोपांमधलं अंतर.

कण्हेर या हवामानाची मूळ रहिवासी आहे आणि इथे महामार्गांच्या मधोमध फुलते. पण ती विषारी आहे, लहान मुलं असतील तर दारात नको. मेक्सिकन फेदर ग्रास, फाउंटन ग्रास आणि पिवळ्या फुलांचे ब्रूम नर्सरीत दिसले तरी घेऊ नका. त्यांचं बी उडून डोंगरात पसरतं आणि तिथलं मूळचं गवत हटवतं.

पुण्याहून बहिणीचा प्रश्न दरवर्षी येतो, लॅव्हेंडर आमच्याकडे लावू का? माझं उत्तर नाही असंच असतं. गरम आणि ओला असा चार महिन्यांचा पावसाळा म्हणजे माझ्या त्या सहा लॅव्हेंडरची गतच. गादीवाफा, खडीचं आच्छादन आणि पाण्याच्या गरजेप्रमाणे झाडांचे गट, एवढं मात्र इथून पुण्याला नेता येतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: ठिबक आणि लागवड

जुन्या स्प्रिंकलरच्या व्हॉल्व्हवरच ठिबक बसतं. गाळणी आणि दाब 25-30 पीएसआयवर आणणारा रेग्युलेटर लावा, एक तोटी ठिबकाला जोडा, बाकीच्यांना टोपण. शक्य असेल तर दोन व्हॉल्व्ह करा: एक झाडांचा, एक झुडपांचा. गरज वेगळी असेल तर एका नळीवर दोघांचंही नुकसान होतं. चिकण मातीला तासाला अर्धा गॅलन देणारे ड्रिपर बरे, पाणी वाहून जात नाही. प्रत्येक रोपाला दोन, मुळांच्या गोळ्याच्या कडेला, खोडापासून पाच-सहा इंचांवर. रोप वाढलं की ते बाहेर सरकवा.

रोपं एक गॅलनच्या कुंडीतली घ्या. पाच गॅलनचं रोप महाग पडतं आणि दोन वर्षांत एक गॅलनचं त्याला गाठतं.

खड्डा कुंडीएवढाच खोल आणि दुप्पट रुंद. त्यात आधी पाणी भरून जिरू द्या. रोप काढल्यावर गोल फिरलेल्या मुळ्या बोटांनी सोडवा. गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा इंचभर वर राहिला पाहिजे. आपण आळं करतो तेव्हा खोड खड्ड्यात आणि पाणी भोवती असं असतं. इथे उलट, खोड टेकडीवर आणि पाण्याचं कडं बाहेर. जी माती निघाली तीच परत भरा. खडी खोडाला टेकवू नका, दोन बोटं जागा सोडा. लावल्या दिवशी बादलीभर पाणी सावकाश द्या, मग पावसाच्या हवाली. पाऊस लांबला तरच आठवड्याने एकदा.

पहिले तीन उन्हाळे

पहिल्या उन्हाळ्यात रोप नवीन असतं, तेव्हा पाणी लागतंच. आठवड्यातून एकदा, दोन तास ठिबक, पहाटे. देण्याआधी लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. सहा इंच सहज गेला आणि टोक ओलसर आलं, तर त्या आठवड्याला सुट्टी. दुपारी पानं मलूल दिसली तर घाबरू नका, सकाळी सातला बघा. तेव्हाही मलूल असेल आणि माती कोरडी असेल तरच पाणी. माती ओली असून रोप मलूल असेल तर पाणी ताबडतोब बंद.

दुसऱ्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पण जास्त वेळ. तिसऱ्यात महिन्यातून एकदा, आणि सिअनोथसचे ड्रिपर तेव्हा काढूनच टाका.

लॅव्हेंडरची छाटणी फुलं वाळली की दरवर्षी, वरचा एक तृतीयांश. पानं नसलेल्या लाकडापर्यंत कधी जाऊ नका, तिथून पुन्हा फुटवा येत नाही. सिस्टसची फक्त टोकं खुडा. सँटोलिना वसंताच्या सुरुवातीला निम्मी कापली तरी गोल गरगरीत होऊन येते. नोव्हेंबरात पहिला चांगला पाऊस झाला की टायमर बंद करा, गाळणी धुऊन ठेवा आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवीन लावा. दहात एखादं जातंच, आणि त्या जागी पुन्हा लावायचे दिवसही हेच, दिवाळीचे.